परतीची तार

ऊस तुटून गेलेल्या रानात संध्याकाळी पाचट जाळल्याचा, ओल्या मातीचा आणि लांबून आलेल्या डिझेलचा असा मिसळलेला वास असतो. सांगली जिल्ह्यात, पलूसच्या पुढे एका मळ्यात, शेडच्या तोंडाशी, घरी बांधलेली एक जीप उभी होती. इंजिन जुन्या मारुतीचं, ७९६ सीसीचं. चॅसी चौकोनी पाइपांची, बॉडी १६ गेज पत्र्याची, आणि वेल्डिंगची शिवण अशी एकसारखी की बोट फिरवलं तरी कुठं अडकू नये. बांधणारा पोरगा बावीस-तेवीस वर्षांचा असेल. त्यानं सीटवर बसवलं, चावी फिरवली आणि ब्रेकवर पाय ठेवायला सांगितला. पाय दाबला तसा समोरच्या मीटरमध्ये अंधुक पिवळा उजेड पडला. "बघा काका," तो म्हणाला, "ब्रेक दाबला की मीटरमधी बी उजेड पडतोय. मागं लाईट लागली का न्हाई, हितं बसूनच कळतंय." पार्किंग लाइटचं बटण बंद होतं. म्हणजे मीटरमध्ये उजेड पडायला काही कारणच नव्हतं. जीपच्या मागं जाऊन बघितलं तर ब्रेक लाइट लाल म्हणावा इतकासुद्धा नव्हता. विझत आलेल्या निखाऱ्यासारखा जेमतेम जिवंत होता.

मी "छान झालीय गाडी" एवढंच म्हणालो.

गाडी खरंच छान झाली होती, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मोडायला त्या क्षणी जीभ रेटली नाही. पण तो मीटरमधला उजेड त्या दिवसापासून डोक्यात अडकून बसला आहे. ज्याला तो सोय समजत होता तो गाडीनं केलेला बोभाटा होता. मागच्या दिव्यात एकाच काचेच्या आत दोन तारा (फिलामेंट) असतात, एक २१ वॅटची ब्रेकसाठी आणि एक ५ वॅटची पार्किंगसाठी. दोघींचं एक एक टोक बल्बच्या धातूच्या अंगाला जोडलेलं असतं आणि तिथून करंट बॉडीवाटे बॅटरीच्या निगेटिव्हला परततो. आता ही परतीची वाटच खराब असली, म्हणजे दिव्याचं होल्डर रंगवलेल्या पत्र्यावर एका पत्री स्क्रूनं नुसतं कसलेलं असलं, की ब्रेकच्या तारेतून आलेला करंट अडतो. करंट अडून थांबत नाही, दुसरी वाट शोधतो. तो त्याच बल्बातल्या ५ वॅटच्या तारेत उलटा शिरतो, तिथून पार्किंगच्या वायरीत, आणि पार्किंगच्या वायरीवरच मीटरचे बल्ब आणि पुढचे छोटे दिवे असतात. त्यांची अर्थिंग, म्हणजे बॉडीशी असलेली परतीची जोडणी, चांगली असते, म्हणून त्यांच्यातून तो घरी जातो. जाता जाता त्यांना थोडं उजळतो. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला जो उजेड दिसायचा, त्यातला काही ड्रायव्हरच्या डोळ्यासमोर सांडत होता.

या जिल्ह्यात धातूची भीती कोणाला नाही. १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि त्यानंतर आसपासच्या किती गावांतली किती माणसं लेथवर, मोल्डिंगवर, फिटिंगवर राबली त्याची गणती करणं कठीण आहे. ते हातांचं शहाणपण घराघरांत झिरपलं आहे. देवराष्ट्रेत लोहारकाम करणाऱ्या एका गृहस्थांनी दुचाकीचं इंजिन घालून किकवर सुरू होणारी छोटी जीप बनवली, २०२१ च्या अखेरीला तिचा व्हिडिओ देशभर फिरला आणि २०२२ च्या जानेवारीत आनंद महिंद्रांनी त्या जीपच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली, हे इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. अशा गाड्या रस्त्याच्या नियमांत बसत नाहीत, त्या मळ्यात, प्रदर्शनात, कॉलेजच्या स्पर्धेत चालतात. पण बांधणाऱ्याचा जीव त्यांच्यात पुरता ओतलेला असतो. कापणं, वाकवणं, जोडणं सगळं निगुतीनं होतं. आणि मग शेवटच्या दोन रात्री, रंग वाळत असताना, वायरिंग 'मारलं' जातं. हे 'मारणं' हाच शब्द वापरतात. तिथंच खोट आहे.

वायरिंगचं काम रंगाच्या आधी सुरू व्हायला हवं. बॉडी उघडी, काळी असताना अर्थिंगच्या जागा ठरवायच्या आणि तिथं नट किंवा स्टड वेल्ड करून घ्यायचे: पुढे दोन, डॅशबोर्डच्या मागे एक, मागे दोन्ही दिव्यांजवळ एक एक. एम ६ (सहा मिलिमीटरचा) पुरतो, इंजिनच्या पट्टीसाठी एम ८. वायर पत्र्यातून जिथं पार जाणार तिथली भोकं तेव्हाच पाडायची आणि रबरी ग्रोमेटच्या मापानं पाडायची. दर वीत-दीड विताला हार्नेस, म्हणजे वायरींची एकत्र बांधलेली जुडी, बांधायच्या क्लिपांची सोय तेव्हाच करायची. रंगाआधी स्टडवर टेप गुंडाळायची, म्हणजे आटे कोरे राहतात. हे एका दुपारचं काम आहे. रंगानंतर तेच करायला गेलं की ड्रिलचा कीस ओल्या रंगात बसतो, माणूस चिडतो, आणि मग पत्री स्क्रू कसला जातो.

दुसरा मोह भंगारातल्या हार्नेसचा. इंजिन ज्या गाडीचं, वायरिंगही तिचंच उचलायचं, नको ते कापायचं, कमी पडेल तिथं जोडायचं. इंजिन इंजेक्शनचं असेल, ईसीएम म्हणजे इंजिनचा संगणक असेल, तर त्या भागाचा हार्नेस जसाच्या तसाच घ्यावा. त्यातल्या क्रँक सेन्सरच्या जाळीदार वायरीला कात्री लावणं म्हणजे पुढचे सहा महिने मिसफायर शोधत बसणं. पण कार्ब्युरेटरच्या इंजिनाला आणि दिवे, हॉर्न, वायपर, पंखा यांना आपला हार्नेस आपणच बनवलेला बरा. विशेषतः आपल्या भागात. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, तेव्हा किती गाड्या छतापर्यंत गाळात होत्या ते ज्यांनी बघितलं त्यांना सांगायला नको. २०२१ मध्ये पुन्हा तेच. त्यातल्या पुष्कळ गाड्या सुट्या भागांत मोडल्या गेल्या आणि ते भाग अजून फिरत आहेत. पुराचं पाणी कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडायच्या प्लॅस्टिकच्या जोडात, नुसतं साचत नाही. वायरीतल्या बारीक तारांच्या फटींमधून ते आत ओढलं जातं, दिव्यात वात तेल ओढते तसं. बाहेरून प्लॅस्टिक चकचकीत, आत तांबं काळं-हिरवं. ओळखायची रीत सोपी आहे. कपलरपासून चार बोटं सोडून वायरीचं प्लॅस्टिक सोला. तांबं नव्या भांड्यासारखं लालसर चमकलं तर ठीक, काळपट निघालं तर पूर्ण तुकडा टाकून द्या. काळ्या तांब्यावर पिन धरत नाही, सोल्डरही धरत नाही.

रंगांचा घोटाळा वेगळाच. जर्मन पद्धतीच्या गाडीत तपकिरी वायर म्हणजे अर्थ. जुन्या ब्रिटिश पद्धतीत तपकिरी म्हणजे बॅटरीतून थेट येणारी, कायम जिवंत. जपानी घराण्याच्या बऱ्याच गाड्यांत काळी वायर अर्थ, तर जर्मनमध्ये काळी चावीनंतरची पॉझिटिव्ह. एका गाडीचा पुढचा हार्नेस आणि दुसरीचा मागचा असा जोडला आणि रंगाला रंग लावला की धूर निघतो. आपल्या गाडीत एक नियम पक्का ठेवावा: काळी म्हणजे अर्थ, दुसऱ्या कशालाही काळी नाही. लाल बॅटरीची, पिवळी चावीनंतरची. बाकीच्यांना बाजारात मिळतील ते रंग आणि दोन्ही टोकांना नंबर. कुपवाडच्या एमआयडीसीत पॅनेल वायरिंगवाले नंबर छापलेले बारीक फेरूल वायरीत ओवतात, तेच इथं उत्तम. नंबरही मनानं देण्याऐवजी जर्मन मानकाचे वापरले की पुढच्या माणसाला कळतात: ३० बॅटरी, १५ चावी, ३१ अर्थ, ५० सेल्फ, ४९ फ्लॅशर, ५६ हेडलाइट, ५८ पार्किंग. रिले, म्हणजे छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, त्याच्या पायांवरचे आकडे याच घराण्यातले आहेत.

मग कागद. एका रकान्यात गाडीतली करंट खाणारी प्रत्येक वस्तू, दुसऱ्यात तिचे वॅट, तिसऱ्यात वॅट भागिले बारा. हेडलाइटचा बल्ब ६०/५५ वॅटचा, म्हणजे एकाला ५ अँपियर, दोघांना १०. इंडिकेटर एका बाजूचे दोन, २१-२१ वॅटचे, साडेतीन अँपियर. ब्रेकचे तेवढेच. रेडिएटरचा पंखा चालताना १० ते १५ खातो आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट. हॉर्नच्या जोडीला १० धरून चला. हा कागद भरला की वायरीचं माप आपोआप ठरतं. आणि इथं बहुतेक जण लांबी विसरतात. एक स्क्वेअरच्या, म्हणजे एक चौरस मिलिमीटर छेदाच्या, तांब्याच्या वायरीला मीटरला सुमारे ०.०१७५ ओहम विरोध असतो. बॅटरीतून डॅशबोर्डवरच्या बटणाला, तिथून हेडलाइटला आणि परत, अशी ७ मीटर एक स्क्वेअर वायर टाकली आणि तिच्यातून १० अँपियर वाहिले तर १.२ व्होल्ट वायरच खाते. दिव्याचा उजेड व्होल्टच्या हिशेबानं सरळ उतरत नाही, कोसळतो. व्होल्ट दहा टक्के घटला की उजेड तीसेक टक्के जातो. लोक जास्त वॅटचा बल्ब घालतात, मग आणखी करंट, आणखी घट, आणि कपलर वितळून पिवळा पडतो. अडीच स्क्वेअर वायर आणि बॅटरीजवळ रिले, एवढ्यात तोच जुना बल्ब शेतभर लख्ख पडतो.

चार मीटरच्या आतल्या साध्या जीपला पाऊण स्क्वेअर वायर सगळे रंग मिळून ५० मीटर लागते: मीटर, पार्किंग, सेन्सर, रिलेच्या कॉइल. दीड स्क्वेअर ४० मीटर: ब्रेक, इंडिकेटर, वायपर, हॉर्न आणि सगळ्यात जास्त काळी. अडीच स्क्वेअर १५ मीटर: हेडलाइट आणि पंखा. बॅटरीतून फ्यूज बॉक्सपर्यंत ६ ते १० स्क्वेअर, दीड-दोन मीटर. सेल्फला आणि इंजिनच्या अर्थला २५ स्क्वेअरची वेल्डिंग केबल झकास, कारण ती लवचीक असते आणि आपल्याकडे कोणत्याही वेल्डिंगच्या दुकानात मीटरवर मिळते. घरातल्या भिंतीत घालायची एकेरी जाड तारेची वायर गाडीत कधीच घालू नये. ती हादऱ्यानं आतून तुटते आणि वरून शाबूत दिसते. बारीक बारीक तारांचीच घ्यावी आणि इंजिनाजवळ उष्णता सोसणारी, १०५ अंशांची. दुकानात स्वस्त वायर दिसली की एक तार काढून लायटरच्या ज्योतीत धरावी. शुद्ध तांबं लाल होईल पण टिकेल. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनिअम लगेच वितळून गळतं.

फ्यूज वायरीसाठी असतो, दिव्यासाठी नाही. हे एक वाक्य समजलं की फ्यूज निवडणं सोपं. वायर जेवढं सोसू शकते त्याच्या आत फ्यूज, आणि रोजचा भार फ्यूजच्या पाऊणपट. १० अँपियरच्या हेडलाइटला १५ चा निळा, तोही डावा-उजवा किंवा अप्पर-डिपर वेगळे, म्हणजे अंधारात एक फ्यूज उडाला तरी दुसरा दिवा शिल्लक राहतो. लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. मेन फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर हवा, कारण त्याच्या मागची वायर उघडी आहे, तिला वाली कोणी नाही. सतत उडणाऱ्या फ्यूजच्या जागी मोठा घालणारे हात दिसले की पोटात गोळा येतो. अशा वेळी घासलेली वायर शोधायला गाडी आडवी करावी लागली तरी करावी.

आता सुतळी. हे मला या सगळ्या कामातलं सगळ्यात सुंदर पाऊल वाटतं. गाडीत वायरीऐवजी आधी सुतळी टाकायची. फ्यूज बॉक्सपासून मागच्या दिव्यापर्यंत, चॅसीच्या आतल्या अंगानं, सायलेन्सरपासून हातभर दूर, जशी वायर जाणार तशीच. जिथं फाटा फुटतो तिथं गाठ. फाट्याला दुसरी सुतळी. सगळं झालं की हे सुतळीचं झाड अलगद बाहेर काढायचं आणि आठ बाय चारच्या प्लायवर पसरायचं. प्रत्येक गाठीशी दोन खिळे, प्रत्येक टोकाशी एक, आणि टोकाजवळ पेन्सिलनं नाव: डावा मागचा, पंखा, वायपर. मग त्या खिळ्यांमधून एकेक वायर टाकत जायची, जशी पैठणीच्या मागावर रंगारंगाची तार लागते तशी. प्रत्येक टोकाला वीतभर जास्त सोडायची. वायर जास्त झाली तर कापता येते, आखूड पडली तर जोड द्यावा लागतो, आणि हार्नेसच्या पोटात दडलेला जोड म्हणजे पुढच्या पावसाळ्याची तरतूद. दर वितभरावर दोऱ्यानं सैल बांधून ठेवायचं. टेप अजून नाही. टेपची घाई झाली आणि वायपरची एक वायर राहिली असं हमखास होतं.

वायरीच्या टोकाला पिन मारण्याचं काम शांतपणे करायचं. पिनेला दोन पंख असतात, पुढचा तांब्याला मिठी मारतो, मागचा प्लॅस्टिकला. पुढच्यातून करंट जातो, मागचा हादरा झेलतो. साध्या पकडीनं दोन्ही एकदम चेपले की तांबं सपाट होतं आणि प्लॅस्टिक कापलं जातं. चांगली रॅचेटची क्रिम्पिंग पकड एकदाच घ्यावी लागते. ती पूर्ण दाबल्याशिवाय सुटत नाही, आणि सुटताना जो 'टक' आवाज येतो तो ऐकायची बोटांना सवय होते. प्रत्येक पिन लावल्यावर हातानं ओढून बघायची, ओढून म्हणजे खरोखर जोर लावून. जी हातात येते ती आत्ताच आली हे बरं. सोल्डर वाईट नसतं, पण ते तारांमधून आत चढतं आणि जिथं थांबतं तिथं लवचीक वायर आणि कडक दांडा यांची सीमा तयार होते. हादऱ्यानं वायर नेमकी तिथं तुटते. आणि मुरडून टेप गुंडाळलेला जोड, ज्याला आपल्याकडे 'डायरेक्ट केलं' म्हणतात, तो उन्हाळ्यात चिकट होतो, टेप घसरते, आणि जून महिन्यात सगळं उघडं पडतं.

रिलेत फसवी जागा एकच. चार पायांच्या रिलेत ३० ला बॅटरी, ८७ ला दिवा, ८५-८६ कॉइल. पाच पायांचा रिले घेतला तर मधला ८७ए रिले बंद असताना जिवंत असतो. तो मोकळा सोडला आणि बॉडीला टेकला की चावी बंद असतानाही फ्यूज उडतो आणि माणूस चक्रावतो. तसाच चार्जिंगच्या दिव्याचा किस्सा. मीटरमधल्या त्या छोट्या लाल बल्बातूनच अल्टरनेटरला पहिला करंट मिळतो. सगळीकडे एलईडी लावायच्या हौसेत तो बल्बही बदलला की बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर जागाच होत नाही. बॅटरी उतरते, अल्टरनेटर काढून दुरुस्तीला जातो, तिथं ठीक निघतो, परत बसवला की पुन्हा तेच. दोष दीड-दोन वॅटच्या बल्बाचा असतो. उलटू शकेल अशा उघड्या गाडीला बॅटरीचा कट-ऑफ मात्र हवाच, आणि तो ड्रायव्हरच्या हाताला व बाहेरून दुसऱ्या माणसाच्या हाताला, दोघांनाही पोचेल अशा जागी.

आणि अर्थ. शेवटी पुन्हा तिथंच येतो, कारण सगळी मेहनत जाणाऱ्या तारेवर खर्च होते. तिला रंग असतो, फ्यूज असतो, बटण असतं, नाव असतं. परतणाऱ्या तारेला आपण 'बॉडी आहे की' म्हणून सोडून देतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणजे बॉडीपासून तुटलेलं असतं. बॅटरीची निगेटिव्ह केबल नुसती चॅसीला आणि इंजिनला पट्टी नाही, असं झालं की सेल्फ मारताना शंभराच्या वरचे अँपियर परतायला वाट शोधतात. ती वाट ॲक्सिलरेटरची केबल असते, कधी क्लचची. केबल आतून तापते, तिचं अस्तर वितळतं, आणि काही दिवसांनी ॲक्सिलरेटर अडकू लागतो. माणूस केबल बदलतो, नवीही तशीच जाते. केबलीचं काही चुकलेलं नसतं, ती दुसऱ्याचं ओझं वाहत असते. बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक जाड केबल थेट इंजिनला आणि एक चॅसीला, हा हिशेब कागदावर सर्वांत आधी यायला हवा. अर्थच्या जागेवर रंग घासून पत्रा चांदीसारखा करायचा, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी), त्याच्यावर दातेरी वॉशर, मग नट. कसून झाल्यावर वरून व्हॅसलीन किंवा रंगाचा हात. आधी व्हॅसलीन फासलं तरी चालतं, दाते त्यातून पत्र्यात रुततात. पण आधी रंग मारला तर सगळं फुकट. आणि एका स्टडवर चारपेक्षा जास्त थिंबल रचू नयेत. खालचा सैल राहतो आणि नट वरून घट्ट लागतो.

मागच्या दिव्यांना बॉडीवर सोडूच नये. प्रत्येकाच्या होल्डरपासून दीड स्क्वेअर काळी वायर हार्नेसमधूनच आणून स्टडवर. इतकी वर्षं एवढे होल्डर नुसत्या स्क्रूवर चालले असं कोणी म्हणेल, आणि ते खरंही आहे. नव्या पत्र्यावर ते चालतात. पहिल्या दोन पावसाळ्यांनंतर स्क्रूच्या मुळाशी गंज धरतो, आणि दिवा महिन्या-महिन्यानं असा हळूहळू मंद होतो की रोज बघणाऱ्याला कळत नाही.

मग हार्नेसला अंग घालायचं. इंजिनाच्या बाजूला कापडी टेप, जिला उष्णता सोसते, वर लवचीक पन्हळी नळी. नळीचं तोंड खाली ठेवायचं, म्हणजे पाणी आत गेलं तरी बाहेर पडतं. कपलरकडे येणारी वायर आधी थोडी खाली झुकवून मग वर न्यायची, थेंब त्या झोळीतून गळतो आणि कपलर कोरडा राहतो. ऊस तुटला की रानातले उंदीर गोठ्याकडे, शेडकडे सरकतात आणि इंजिनाची ऊब त्यांना आवडते, हे मळ्यात गाडी ठेवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यांच्यावर जालीम उपाय नाही. पण हार्नेस खाली लोंबत न ठेवता क्लिपांनी वर धरला आणि फाटे फुटतात ती तोंडं टेपेनं नीट बंद केली, तर दात लागायला धार मिळत नाही.

पहिल्यांदा बॅटरी जोडताना छातीत धडधड होतेच. तेव्हा निगेटिव्ह केबल थेट लावायची नाही. केबल आणि बॅटरी यांच्यामध्ये २१ वॅटचा एक बल्ब धरायचा. सगळी बटणं बंद असताना बल्ब लख्ख लागला तर कुठंतरी पॉझिटिव्ह पत्र्याला टेकली आहे. पण दोनच्या आत अँपियर वाहत असल्यानं काही जळत नाही, निवांत शोधता येतं. बल्ब काळाच राहिला तर एकेक बटण दाबत जायचं. ते सगळं पार पडलं की मल्टीमीटर. एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी मागच्या दिव्याच्या अर्थवर, आणि दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगायचं. आकडा ०.१ व्होल्टच्या आत हवा. दिवा बंद असताना हे माप घेण्यात अर्थ नाही, करंट वाहत असतानाच वाटेतला खड्डा दिसतो. सेल्फ मारताना इंजिनच्या ब्लॉकवर तेच माप घ्यायचं, तिथं ०.३ च्या आत.

पलूसच्या त्या जीपला यातलं बरंच काही लागणार नाही. हार्नेस त्यानं ओवलेला होता तो वाईट नव्हता, टेप एकसारखी होती, दिव्यांचे कपलर नवे होते. मागच्या दोन्ही दिव्यांचे पत्री स्क्रू तेवढे काढायचे. प्रत्येकी अडीच मीटर काळी वायर, दीड स्क्वेअर. दोन थिंबल, दोन दातेरी वॉशर, चॅसीला एक बोल्ट आणि त्याच्याभोवती रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरनं घासायची. तासाभराचं काम आहे, आणि रंगाला पोचा यायचा नाही अशी जागा चॅसीच्या आतल्या बाजूला मी तेव्हाच बघून ठेवली होती. पुढच्या रविवारी वायर आणि थिंबल खिशात घालून जाणार आहे. सांगायचं कसं, ते वाटेत ठरेल. त्याला गाडीच्या मागं उभं करीन आणि ब्रेकवर पाय मी ठेवीन. रानातल्या अंधारात दोन लाल गोल एकदम भरून आलेले त्याला तिथून दिसतील. इकडे मीटर काळाच असेल.